कमी-कार्बन कार्यालयातले चौदा महिने

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही पुण्यातल्या आमच्या नव्या तीन मजली कार्यालयात कामाला आलो. बांधकामाच्या काळातही प्रत्येक बैठकीला मी हजर असल्यामुळे, ठरवले काय आणि हाती आले काय, हे दोन्ही मला सांगता येते.

सिमेंटमुळे होणाऱ्या उत्सर्जनात सुमारे 60 टक्के वाटा इंधनाचा नसून चुनखडी भाजताना तिच्यातूनच सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, म्हणून मुळात सिमेंटच कमी लागावे आणि लागेल त्यात क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून तयार होणारा सिमेंटचा मूळ घटक, कमी असावा, असा आमचा आग्रह होता. स्लॅबला पीपीसी, म्हणजे फ्लाय ॲश (कोळसा जाळल्यावर उरणारी बारीक राख) मिसळलेले सिमेंट, वापरले. त्याची ताकद सुरुवातीला सावकाश चढते, त्यामुळे स्लॅबखालचे आधाराचे सेंटरिंग उशिरा काढावे लागले आणि ठेकेदाराची कुरकुर शेवटपर्यंत थांबली नाही. भिंती रॅट-ट्रॅप पद्धतीच्या आहेत. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवल्याने विटाही कमी लागतात आणि उन्हाची झळही आत उशिरा पोहोचते. मात्र अशा भिंतीत भोक कुठे पाडावे हे कोणी सांगितलेच नव्हते. व्हाइटबोर्ड टांगताना ड्रिल थेट पोकळीत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड प्लगसकट जमिनीवर होता.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. पुण्यात तेव्हा दुपारी पारा 40 अंशांच्या आसपास जात असला तरी पहाट बरीच गार असते, आणि आमची सगळी योजना या फरकावरच उभी आहे. फॉल्स सीलिंग नाही. स्लॅब उघडा आहे. वॉचमनकाका रात्री आठला वरच्या जाळीच्या झडपा उघडतात, रात्रभर वारा स्लॅब गार करतो, सकाळी आठला झडपा बंद होतात आणि दुपारी दोन-अडीचपर्यंत पंख्यांवर भागते. पंखे बीएलडीसीचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचे आहेत, साधारण 28 वॉटचे. जुन्या पंख्याला 75 वॉटच्या आसपास लागत. पण काका चैत्रातल्या जत्रेला गावी गेले, झडपा चार दिवस कोणी उघडल्याच नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी अकरालाच एसी लावावा लागला. जूनमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती जवळजवळ निकामी होते. तेव्हा एसीवाचून गत्यंतर नाही, हे आधीच कबूल केलेले बरे.

दोन चुका नकाशातच राहिल्या. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्याने साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन थेट उत्तरेच्या खिडक्यांतून आत येते. पण उत्तरेला ऊन नाही असे गृहीत धरून तिथे छज्जाच दिला नव्हता. आता बाहेरून बांबूच्या चिका सोडल्या आहेत. दिसायला त्या इमारतीपेक्षा बऱ्याच देखण्या आहेत. दुसरी चूक आवाजाची: उघड्या स्लॅबखाली एकाचे फोनवरचे बोलणे अख्ख्या मजल्याला ऐकू येते. लेखा विभागाच्या डोक्यावर जाड नमद्याचे पट्टे टांगल्यापासून तिथले भांडण तरी मिटले आहे.

नव्याने बांधायचे झाले तर भिंती आणि स्लॅब जसेच्या तसे ठेवीन, उत्तरेला छज्जा देईन आणि ताबा घेतानाच भिंतींचा नकाशा इलेक्ट्रिशियनच्या हाती ठेवीन. काकांच्या गावची जत्रा पुढच्या आठवड्यात आहे, आणि त्या चार रात्री झडपा कोणी उघडायच्या त्यांची नावे या खेपेला गेटवरच्या वहीत लिहून झाली आहेत.