एकाच क्रूझ कंपनीला धरून राहावं की बदलत जावं?

रॉयल कॅरिबियन ही क्रूझ कंपनी नेहमीच्या प्रवाशांना गुण देते: साध्या खोलीत एका रात्रीचा एक गुण, स्वीटमध्ये म्हणजे मोठ्या, महागड्या खोलीत दोन. या गुणांवर प्रवाशाची पातळी ठरते, आणि डायमंड या वरच्या पातळीला ८० गुण लागतात. आता कोल्हापुरातून हिशेब मांडा. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून विमानानं सिंगापूर, मग चार रात्री समुद्रावर. दरवर्षी न चुकता साध्या खोलीतून गेलात तरी डायमंड व्हायला वीस वर्षं! तोवर नियम तेच राहतील याची खात्री कोण देणार? कार्निव्हल या दुसऱ्या क्रूझ कंपनीनं तर २०२५ मध्ये जाहीरच केलं, की पुढे पातळी रात्रींवर नव्हे, खर्चावर ठरेल.

बदलत गेलं की तारीख, भाडं आणि बंदर आपल्या सोयीचं. कॉर्डेलिया ही क्रूझ मुंबईहूनच सुटते, त्यामुळे गोवा किंवा लक्षद्वीपला जाताना सिंगापूरच्या विमानाचा खर्चच वाचतो. मी स्वतः भाडं बघूनच ठरवते.

एका कंपनीला धरून राहण्यातली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते, ती म्हणजे सवय. जेवणाची जागा, शाकाहारी ताट कुठे सांगायचं, लिफ्ट कुठे, हे ठाऊक असलं की आई निर्धास्त असते. ती सोबत असेल तेव्हा मी ओळखीचंच जहाज घेते, चार पैसे जास्त गेले तरी.