कोथरूडसारख्या उपनगरात आधी काय करावं: मुख्य रस्त्यावर सायकल ट्रॅक की आतल्या गल्ल्या?

पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. त्या अर्जावर काय लिहायचं यावरून आमच्या सोसायट्यांच्या बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो, कर्वे रस्त्यावर नीट सायकल ट्रॅक मागा. दुसरा म्हणतो, आधी पोरं गल्लीतून शाळेपर्यंत चालत जाऊ देत. पैसा मर्यादित असल्यामुळे क्रम लावावाच लागतो. मी दुसऱ्या तटात आहे. तरी पहिल्यांचं म्हणणं आधी मांडतो, कारण त्यात दम आहे.

मुख्य रस्ता

महापालिकेने २०१६ मध्ये रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आणि त्या धर्तीवर जंगली महाराज रस्ता आणि औंधचा डीपी रस्ता नव्याने घडवला. जंगली महाराज रस्त्यावर संध्याकाळी एक फेरी मारून या. आजी-आजोबा बाकांवर बसलेले असतात, कुणी बाबागाडी ढकलत असतं, झाडं न तोडता त्यांच्याभोवती पदपथ वळवलेला दिसतो. हे पाहिल्यावर आपल्याकडेही असंच हवं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

पण तो रस्ता एकेरी आहे आणि मुळात रुंद आहे, म्हणून तिथे जागा निघाली. कर्वे रस्त्याच्या काही भागात मधोमध मेट्रोचे खांब आहेत आणि नळ स्टॉपला दुमजली पूल आहे. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या शिफारशीनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि एका दिशेच्या सायकल ट्रॅकला साधारण २ मीटर. दोन्ही बाजूंचं मिळून ७.६ मीटर झाले, आणि यात झाडं, विजेच्या पेट्या, बसथांबे आणि दुकानांच्या पायऱ्या धरलेल्या नाहीत. आमच्याकडे टेप घेऊन मोजलं तर काही ठिकाणी फक्त पदपथाचीच रुंदी निघते, आणि तीही मधेच एका पेटीने अडवलेली असते.

जुना अनुभवही विसरू नये. २००६ नंतर बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर ट्रॅक झाले. तिथे सायकल चालवलेल्या कुणालाही विचारा, तक्रार एकच मिळेल: ट्रॅक चौक आला की संपतो. सायकलस्वाराला आधार सगळ्यात जास्त चौकात लागतो, आणि नेमका तिथेच तो डावीकडे वळणाऱ्या बसच्या पुढ्यात येऊन पडतो. मधे सोसायटीची फाटकं येतात, पार्क केलेल्या दुचाकी येतात. पेव्हर ब्लॉकच्या खडखडाटाला कंटाळून तो शेवटी डांबरावरच उतरतो. तुटक ट्रॅकचा आणखी एक तोटा म्हणजे रस्त्यावर राहणाऱ्या सायकलस्वाराला मोटारवाले दटावतात, ‘तुमचा ट्रॅक आहे ना तिकडे?’

तरी मुख्य रस्त्याच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो मला खोडता येत नाही. कोथरूडमध्ये आज रोज सायकल चालवतात ते मुख्यतः सुरक्षारक्षक, पेपरवाले आणि बांधकामावर जाणारे कामगार. त्यांना लांब पल्ला सरळ गाठायचा असतो, गल्लीबोळांतून वळणं घेत जायला त्यांच्याकडे वेळ नसतो. आतल्या गल्ल्या कितीही चांगल्या केल्या तरी पहाटे पौड रस्त्याने ड्युटीवर निघालेल्या माणसाचा धोका त्याने फारसा कमी होणार नाही.

आतल्या गल्ल्या

मयूर कॉलनीसारखा भाग पौड रस्ता आणि कर्वे रस्ता यांच्या मधे येतो. सिग्नल चुकवायचा म्हणून तिथे न राहणारी वाहनंही आतून घुसतात. लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात असाच त्रास होता. २०१४ मध्ये त्या भागाला खास निधी मिळाला आणि काही गल्ल्यांच्या तोंडाशी कुंड्या आणि खुंट लावून मोटारींना आरपार जाणं बंद केलं. रहिवाशाची गाडी घरापर्यंत येते, पण पलीकडे निघत नाही, तर चालणारा आणि सायकलवाला सरळ पुढे जातो. विरोध झाला, मोर्चेही निघाले. नंतरच्या एका अभ्यासात असं दिसलं की जिथे सर्वाधिक बदल झाला तिथले लोक आठवड्याला सरासरी ४१ मिनिटं जास्त चालू आणि सायकल चालवू लागले होते. त्यातली ३२ मिनिटं चालण्याची होती. माझ्या मते हाच आकडा आपल्या कामाचा आहे, कारण गल्ली शांत झाली की सगळ्यात आधी पायी निघणारी माणसं वाढतात.

ही कल्पना इथे जशीच्या तशी उचलता येणार नाही, याचं कारण दुचाकी. व्हीलचेअर जाईल एवढी फट खुंटांमध्ये ठेवली तर त्यातून स्कूटरही जाते, आणि स्कूटर अडेल एवढी अरुंद केली तर व्हीलचेअर अडते. म्हणजे गल्ली बंद केल्याने मोटारी आणि रिक्षा थांबतील, पुण्यातली निम्मी डोकेदुखी मात्र तशीच राहील. म्हणून खुंटांच्या जोडीला वेग कमी करणारी रचना लागते. चौकात रस्ता पदपथाच्या पातळीपर्यंत उचलायचा, कोपऱ्यांची गोलाई कमी करायची म्हणजे वळताना ब्रेक दाबावाच लागतो, आणि शाळेपुढे रस्ता अरुंद करायचा. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाहनांचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. थोडासा वेग कमी करणंही किती मोलाचं आहे ते यावरून कळतं.

अरुंद गल्लीत पदपथाचा हट्ट धरू नका. दोन्ही बाजूंना हातभर पट्ट्या काढल्या की त्यांवर कुंड्या आणि गाड्या येतात, आणि माणसं आहेत तशी रस्त्याच्या मधूनच चालत राहतात. त्यापेक्षा सगळी गल्लीच चालणाऱ्याच्या गतीची करावी. अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका आणि घंटागाडीसाठी कुलपाचे, आडवे पडणारे खुंट घ्या. ही शंका बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत येते आणि ती रास्त आहे.

खर्चाच्या बाजूनेही फरक मोठा आहे. मुख्य रस्ता घ्यायचा तर गटारं, केबल, जलवाहिन्या सगळं हलवावं लागतं, आणि काम प्रभागाच्या मागणीतून होत नाही. गल्लीचं काम मात्र आधी कुंड्या आणि शंकू ठेवून तात्पुरतं करून बघता येतं. औंधमध्येही डीपी रस्त्याआधी २०१६ मध्ये तात्पुरती मांडणी करून पाहिली होती. तसं केलं की दुकानदार आणि रहिवाशी कागदावरच्या नकाशाशी भांडत बसण्याऐवजी डोळ्यांसमोर दिसणाऱ्या गोष्टीवर बोलतात.

दोन्हीत समान: चौक आणि फाटकं

निवड कोणतीही केलीत तरी हे काम सोडू नका. मार्च २०२२ मध्ये वनाज ते गरवारे महाविद्यालय मेट्रो सुरू झाली. त्यामुळे आयडियल कॉलनी किंवा नळ स्टॉप स्थानकावर उतरणारा प्रत्येक माणूस आता कर्वे किंवा पौड रस्त्याच्या पदपथावर येतो. माझ्या आईला स्थानकापासून घरापर्यंतचं चालणं जड जात नाही. तिला जड जातो तो पदपथ, जो प्रत्येक सोसायटीच्या फाटकाशी खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. पदपथाची पातळी सलग ठेवावी, चढायचं ते गाडीने. पदपथ १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावा असा निकष आहे, प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी पायरी चढल्यासारखं चढावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं आहे. अर्जात ते जरूर लिहा.

पथारीवाल्यांना हटवणं हा मात्र उपाय म्हणून लिहू नका. भाजीची गाडी कोपऱ्यावर असते म्हणून तर लोक तिथवर चालत येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांना ठरलेली जागा मिळावी, आणि ती चालण्याच्या १.८ मीटरच्या बाहेर असावी.

तर कोथरूडसाठी माझा क्रम असा: या वर्षी शाळेभोवतालच्या गल्ल्या आणि स्थानकाजवळचे दोन चौक. कर्वे रस्त्यावर तोवर वेगमर्यादेची अंमलबजावणी आणि पदपथावरच्या पेट्या हलवणं एवढंच मागा, ट्रॅक नको. पौड रस्त्याचा काही भाग रुंद आहे. तिथे मात्र कामगारांसाठी चौकासकट सलग ट्रॅकची मागणी वेगळ्या अर्जात करावी, आणि तीही मोठ्या अंदाजपत्रकासाठी.

तुमचं उपनगर औंधसारखं असेल, रस्ता रुंद, खांब नाहीत, आतल्या गल्ल्यांतून पलीकडे जाणारी वाहनं कमी, तर हा क्रम उलटा करा. त्याआधी एका दिवशी सकाळी शाळा भरताना आणि संध्याकाळी सात वाजता गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मोजा: आत शिरलेल्या किती गाड्या पाच मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडल्या.