नवा सेल्फ, नवी रिंग: डिझेल ट्रकवर काही महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. सहा सिलिंडरच्या, २४ व्होल्टच्या डिझेल ट्रकचा जुना जड सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) काढून त्या जागी प्लॅनेटरी गिअरचा सेल्फ बसवला आणि त्याच खेपेला फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) कडेची दातेरी रिंगही नवी टाकली. थंडीतली पहाट, भर उन्हात तापलेलं इंजिन, माल उतरवताना दिवसभर चालू-बंद, सगळं या जोडीने काढलं. मी पूर्ण समाधानी आहे. नुसता सेल्फ बदलून हे समाधान मिळालं नसतं, याचीही मला खात्री आहे.

जुनी तक्रार अशी होती: चावी मारली की कधी इंजिन झटक्यात उचलायचं, कधी नुसती खर्रर्र. पुन्हा चावी मारली की चालू. या ‘कधी कधी’मध्येच निदान असतं. सहा सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन बंद होताना वाटेल तिथे थांबत नाही. कुठलातरी सिलिंडर कॉम्प्रेशनला (हवा दाबण्याच्या टप्प्याला) येतो, क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) त्याच्या दाबापुढे अडतो आणि किंचित मागे येऊन थांबतो. एका फेरीत अशा तीनच जागा असतात, १२० अंशांच्या अंतरावर. चार सिलिंडर असतील तर दोन. म्हणजे सेल्फचं पिनियन (रिंग फिरवणारं छोटं दातेरी चाक) वर्षानुवर्षं रिंगच्या त्याच तीन पट्ट्यांवर आदळतं आणि मधले दात जवळपास कोरे राहतात.

हे तपासणं अवघड नाही. खर्रर्र झालं की चावी बंद, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, बॅटरीचा आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद. मग क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने थोडं फिरवायचं, पाना काढायचा, आयसोलेटर चालू करायचा आणि परत चावी मारायची. आता स्वच्छ पकडलं तर संशय रिंगवर. कुठेही फिरवलं तरी खरखर येत असेल तर पिनियन, बेंडिक्स (पिनियनला मोटरशी जोडणारा, एकेरी क्लच असलेला भाग) किंवा सेल्फचं बसणं बघायचं. खात्रीसाठी बेल हाउसिंगचं (फ्लायव्हीलवरच्या कवचाचं) छोटं झाकण काढून टॉर्चने रिंग पूर्ण फेरीभर बघायची, सुरुवातीच्या दातावर खडूची खूण करून. आमच्या रिंगवर तीन ठिकाणी दातांची पुढची कड तिरपी खाल्लेली होती, मधले दात नव्यासारखे. दोन-चार दात बघून ‘रिंग ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जिथे झाकण उघडतं तिथे बरेचदा चांगलेच दात समोर येतात.

बाकीचे आवाज ओळखताना मी एकच गोष्ट धरतो: आवाज नेमका केव्हा येतो. चावीबरोबर एकच ‘कट्ट’ आणि पुढे शांतता असेल, तर सॉलेनॉइडने (सेल्फवरच्या विद्युतचुंबकाने) प्लंजर (आतला लोखंडी दांडा) खेचला पण मोटरला करंट पोचला नाही. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरला करंट देणारे कार्बन ब्रश संपलेत. झपाट्याने टकटकटक होत असेल, तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची जोडणी बघायची. लोड आला की व्होल्टेज कोसळतं, प्लंजर सुटतो, व्होल्टेज सावरतं, पुन्हा खेचतो. मोटर सुसाट फिरतेय आणि इंजिन जागचं हलत नाही, तेव्हा बेंडिक्स स्लिप मारतंय.

सगळ्यात घातक आवाज इंजिन चालू झाल्यावरचा. चावी सोडली तरी शीळ किंवा किंकाळी लांबत राहिली, तर पिनियन मागे आलेलं नाही. शाफ्टवर क्लचची धूळ आणि ग्रीस यांचा चिकटा बसलेला असतो, रिटर्न स्प्रिंग थकलेली असते, नाहीतर कॉन्टॅक्ट चिकटून बसलेले असतात. अशा इंजिनात रिंगला साधारण सव्वाशे दात, पिनियनला अकरा-बारा. म्हणजे आयडलवर इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्या घेत असताना पिनियन सहा हजारांच्या वर फिरतं. बेंडिक्सचा एकेरी क्लच जाम झाला तर आर्मेचरही (मोटरचा फिरणारा भाग) निदान तेवढं फिरतं, अ‍ॅक्सिलरेटर दिला तर आणखी, आणि त्याची वाइंडिंग बाहेर फेकली जाते. इंजिन लगेच बंद करा. तरीही सेल्फ फिरत असेल तर आयसोलेटर पाडा.

रिंग का खाल्ली गेली, हे न शोधता नवी टाकण्यात अर्थ नव्हता. डिझेल बंद ठेवून सेल्फ मारत मल्टिमीटर लावला. उभ्या गाडीवर बॅटऱ्यांचं व्होल्टेज २५ च्या वर, सेल्फ मारताना २० च्या वर, म्हणजे बॅटऱ्या ठीक. मग एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं. इथे सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या आसपास दिसावं; दोनच्या वर दिसत होतं. चासिस आणि इंजिन जोडणारी अर्थची पट्टी रंगाखाली हिरवी पडली होती. सॉलेनॉइडला पुरेसं बळ मिळत नाही, पिनियन अर्धवट आत जातं, मोटर फिरायला लागते आणि दाताच्या टोकावर सगळा भार येतो. नवीन पट्टी, खाली घासून उघडा केलेला लोखंडी पृष्ठभाग, घट्ट बोल्ट. या साध्या कामाचा फायदा महागड्या सुट्या भागाइतकाच झाला, असं मी आज म्हणतो.

रिंग बसवताना मी शेजारी उभा होतो. गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील उतरवावंच लागतं, त्यामुळे वेळ जातो. नवी रिंग सगळीकडून सारखी, २०० अंशांच्या आसपास तापवली की ती फुलते आणि फ्लायव्हीलवर सहज बसते. थंड झाली की आवळते. एकाच जागी ज्वाला धरली आणि दात निळे पडले तर त्यांचा कठीणपणा गेला. दातांची चँफर केलेली (कड तिरपी घासलेली) बाजू पिनियन जिकडून आत येतं तिकडेच हवी. जुनी रिंग उलटून टाकण्याचा सल्ला मिळतो, पण एकाच बाजूला चँफर असेल तर उलटल्यावर पिनियनला सपाट कड मिळते आणि खरखर नव्याने सुरू होते.

आता सेल्फबद्दल. या प्रकारात मोटर लहान आणि वेगवान असते, आतले प्लॅनेटरी गिअर तो वेग कमी करून ताकद वाढवतात. जुन्यापेक्षा वजन बरंच कमी, त्यामुळे गाडीखाली झोपून बसवणं सोपं. थंड इंजिनही जोमात फिरतं आणि लवकर चालू होतं. आवाज मात्र बारीक आणि चढा आहे. जुन्या सेल्फच्या जाड घुरघुरीची सवय असलेल्या ड्रायव्हरला काही दिवस काहीतरी बिघडल्यासारखं वाटतं. हा आवाज सारखा आणि स्वच्छ असेल तर काळजी नको. नावडलेली गोष्ट एकच: आतले गिअर खराब झाले तर कार्बन-बुश बदलणाऱ्या प्रत्येक हाताला ते काम जमत नाही. म्हणून सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर ताणायचा नाही आणि मध्ये दोन मिनिटं थांबायचं, हा नियम आमच्या गाडीवर सगळे पाळतात.

मध्यंतरी त्याच भागातून नवा आवाज यायला लागला, आयडलवर हलकी घरघर. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असतील तर खालून ठोका येतो, बेअरिंग गेल्यासारखा, आणि त्यात इंजिन विनाकारण उघडलं जातं. म्हणून आधी क्लच दाबून बघितला. दाबल्यावर आवाज गेला असता तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. आमचा दाबल्यावर वाढला, म्हणजे रिलीज बेअरिंग (क्लच दाबताना भार घेणारं). क्लच दाबून सेल्फ मारला तर क्रँक पुढे सरकून खरखर बदलते का, तेही पाहिलं. बदलली असती तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगची झीज मोजावी लागली असती. तसं काही नाही. रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हा फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासायचे आणि नव्या रिंगचे दात त्या तीन जागांवर बघायचे, एवढं मिस्त्रींना सांगून ठेवलंय.