टेकडी वाचवायची तर कोणता नियम: उंचीची रेषा, चढाचा निकष की घरांचा कोटा?

उंचीची रेषा समजायला सर्वांत सोपी. अमेरिकेतल्या बोल्डर शहराने 1959 मध्ये 5,750 फुटांवर ‘निळी रेषा’ आखली. तिच्या वरच्या घरांना शहराचे पाणी नाही. नकाशावर बोट ठेवले की वाद मिटतो. मात्र रेषेने पाणी अडते, मालकी नाही. म्हणूनच बोल्डरने 1967 मध्ये विक्रीकराचा वाटा बाजूला काढून मोकळ्या जमिनी विकत घ्यायची सोय केली. तिजोरीत तेवढा पैसा नसेल, तर नुसत्या रेषेवर विसंबू नये.

कोट्याचे काम वेगळेच. अमेरिकेतल्याच कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा शहराने 1972 मध्ये वर्षाला सुमारे 500 घरांची मर्यादा घातली आणि 1975 मध्ये ती अपील न्यायालयात टिकलीही. पण ती पाच किंवा अधिक घरांच्या प्रकल्पांपुरती होती; चार घरांचा प्रकल्प सुटायचा. शिवाय कोट्याने वाढीचा वेग आवरतो, जागा ठरत नाही. गटारे, पाणी, शाळा कमी पडत असतील तर कोटा ठीक. टेकडीसाठी तो चुकीचे औषध आहे.

उरला चढ. महाराष्ट्रात 1:5 हा निकष रूढ आहे: 5 मीटर आडवे जाताना 1 मीटर चढ, म्हणजे 20 टक्के. कोनात हे जेमतेम 11 अंश भरतात. मसुद्यात चुकून ‘20 अंश’ पडले, तर ते 36 टक्के होतात आणि निम्मी टेकडी मोकळी सुटते!

खरी मेख मोजणीत आहे. सरासरी चढ काढायला दोन कंटूरमधला (म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधला) उभा फरक गुणिले कंटूरची एकूण लांबी, भागिले क्षेत्रफळ. 10,000 चौरस मीटरच्या भूखंडावर 2 मीटर उभ्या फरकाचे कंटूर एकूण 1,500 मीटर भरले, तर चढ 30 टक्के: बांधकाम बाद. आता शेजारचा तेवढाच, 5 टक्के चढाचा तुकडा जोडा. सरासरी 17.5 वर येते आणि अख्खा भूखंड नियमात बसतो, उभा कडाही. त्याहून साधी चलाखी म्हणजे आधी जेसीबीने पायऱ्या पाडायच्या आणि मग सर्वेक्षण करायचे.

तेव्हा तिन्हींतून एकच निवडायचा असेल तर चढाचा निकष घ्या, पण दोन वाक्ये मसुद्यात हवीतच: चढ 10 मीटरच्या चौकटींत स्वतंत्र मोजावा, आणि कंटूर खोदकामापूर्वीच्या सर्वेक्षणातलेच धरावेत.