ओलाव्याची कड पकडायची तर ऑयलर, क्रँक-निकोल्सन की बीडीएफ-२?

कृष्णाकाठच्या काळ्या रानात ड्रीपरखाली थोडं खोदून बघा. ओली माती कुठं संपते आणि कोरडी कुठं सुरू होते, ते बोट ठेवून दाखवता येतं. ओल्या मातीतून पाणी झपाट्यानं सरकतं, कोरडीतून जवळजवळ सरकतच नाही. म्हणजे विसरणाचा गुणांक (पाणी किती झपाट्यानं पसरतं ते सांगणारा आकडा) ओलाव्यावरच अवलंबून. रिचर्ड्‌सनं १९३१ मध्ये मातीतल्या पाण्यासाठी मांडलेलं समीकरण याच जातीचं. सांगलीत वाफसा, ठिबक किंवा क्षारपड जमीन असा विषय प्रोजेक्टला घेतलात की पहिला पेच हाच पडतो: समीकरण संगणकावर सोडवताना काळात पावलापावलानं पुढं सरकायचं कसं? पुष्कळ जण 'सेकंड ऑर्डर' (पाऊल निम्मं केलं की चूक चौथाई) वाचून क्रँक-निकोल्सन (जुन्या आणि नव्या वेळेची सरासरी घेणारी पद्धत) उचलतात. मला ती निवड पटत नाही.

एक्सप्लिसिट ऑयलर (पुढची किंमत थेट आताच्या किमतींवरून काढणारी) लिहायला सोपी, पण पावलाला वेसण आहे. गुणांक १ आणि जाळीच्या शेजारच्या बिंदूंमधलं अंतर ०.०१ धरलं तर काळाचं पाऊल ०.००००५ च्या वर नेता येत नाही. १ वेळेपर्यंत पोचायला २०,००० पावलं. जाळी निम्मी केली की ८०,०००. समीकरण समजून घेण्यापुरती ती ठीक.

खरी तुलना इम्प्लिसिट ऑयलर (नव्या वेळेच्या किमती समीकरणं सोडवून काढणारी) आणि क्रँक-निकोल्सनची. दोन्ही मोठ्या पावलालाही स्थिर, म्हणजे चूक फुगत नाही, पण 'स्थिर' या शब्दात मोठा फरक लपलेला आहे. वरच्याच जाळीवर पाऊल ०.०१ घ्या आणि एक बिंदू वर, एक खाली अशी करवतीच्या दातांसारखी चूक सोडा. इम्प्लिसिट ऑयलर तिला एका पावलात ४०१ नं भागते. क्रँक-निकोल्सन तिला −१९९/२०१ नं गुणते: चिन्ह उलटतं, आकार तसाच. ५० पावलांनंतरही ६० टक्के चूक जिवंत असते. गुणांक न बदलणारा असेल तर हे दात नुसते दिसायला वाईट. आपल्या समीकरणात ते घातक ठरतात, कारण कोरड्या कडेपाशी ओलावा शून्याला टेकलेला असतो. दात तिथं खाली गेला की ओलावा ऋण होतो, ओलाव्याच्या प्रमाणात चालणारा गुणांकही ऋण होतो आणि विसरण उलटं धावू लागतं. सुरुवातीची दोन-चार पावलं इम्प्लिसिट ऑयलरनं टाकून मग क्रँक-निकोल्सनवर जायचा रॅनाखरचा १९८४ चा उपाय चांगला आहे, पण तो सुरुवातीचे दात घासतो. सरकत्या कडेपाशी नव्यानं उगवणाऱ्यांचं काय?

बीडीएफ-२ (मागच्या दोन पावलांची उत्तरं वापरणारी इम्प्लिसिट पद्धत) मला जास्त भरवशाची वाटते. सेकंड ऑर्डरही आहे आणि करवतीची चूक मारूनही टाकते. ओलावा ऋण होणार नाही अशी हमी मात्र तीही देत नाही; ती हमी इम्प्लिसिट ऑयलर देते. थर्ड ऑर्डरच्या मल्टिस्टेप (मागची अनेक पावलं वापरणाऱ्या) पद्धतीकडं फार आशेनं बघू नका: विझत जाणाऱ्या प्रत्येक प्रश्नावर, तो दोलत विझणारा असला तरी, सगळ्या पावलांना स्थिर राहणारी अशी पद्धत असूच शकत नाही, हे डालक्विस्टनं १९६३ मध्ये सिद्ध केलंय. गुणांक मागच्या पावलाचा घेऊन न्यूटनची पुनरावृत्ती (दर पावलाला अरेषीय समीकरण सुधारत-सुधारत सोडवणं) वाचवता येते, पण मग ऑर्डर पहिलीच उरते.

म्हणून कोड आधी इम्प्लिसिट ऑयलरनं उभा करा, मग बीडीएफ-२ जोडा, आणि मातीचे आकडे घालण्यापूर्वी दोन्ही बॅरेनब्लाटच्या १९५२ च्या अचूक उत्तरावर घासून बघा. विसरण ओलाव्याच्या वर्गावर चालतं, म्हणजे गुणांक ओलाव्याच्या प्रमाणात असतो, असं एकमितीय समीकरण घ्या. त्यात कड वेळेच्या घनमुळाप्रमाणं सरकते: १ वेळेला कड १ वर असेल तर ८ वेळेला २ वर, आणि मधली उंची बरोबर निम्मी. पाऊल निम्मं करत चूक मोजा. ऑयलरची निम्मी व्हायला हवी, बीडीएफ-२ ची चौथाई. कडेपाशी चौथाई मिळणार नाही, कारण तिथं उताराला कोपरा आहे. कड सोडून आतल्या भागात वेगळी मोजा. पाऊल निम्मं करूनही चूक जागची हलली नाही, तर ती काळाची नाही, जाळीची आहे किंवा न्यूटन तुम्ही लवकर थांबवलाय.