सायनस लिफ्ट, नाशिक: कोटेशनमधल्या एका ओळीचा हिशोब

वरच्या दाढा पडून वर्षं लोटली की तिथलं हाड झिजतं आणि सायनसची (गालाच्या हाडातली हवेची) पोकळी खाली पसरते. इम्प्लांटला (हाडात बसवायच्या दाताच्या स्क्रूला) साधारण 8 ते 10 मिलिमीटर हाड लागतं, म्हणून सायनस लिफ्ट: पोकळीचा पडदा वर उचलून खाली हाड वाढवायचं. नाशिकमध्ये, विशेषतः कॉलेज रोड-गंगापूर रोड भागात, ही सोय आहे. तक्रार आहे ती कोटेशनबद्दल: ‘सायनस लिफ्ट’ अशी एकच ओळ आणि समोर आकडा. पद्धत कुठली, याचा पत्ता नाही.

खर्च त्यावरच ठरतो. सीबीसीटी स्कॅनमध्ये (जबड्याचा 3D एक्स-रे) 5-6 मिमी हाड उरलेलं दिसलं, तर इम्प्लांटच्याच भोकातून सायनसचा पडदा 3-4 मिमी उचलता येतो. ढोबळ 10 ते 20 हजार. 4 मिमीच्या खाली असेल तर गालाच्या बाजूने हाडात खिडकी पाडून हाड वाढवणारी पावडर भरतात. एका बाजूचे 30 ते 60 हजार, इम्प्लांट आणि त्यावरची दाताची कॅप वेगळी. स्कॅन न करता आकडा सांगणाऱ्याकडून उठून यावं. पंचवटीतल्या डेंटल कॉलेजात स्वस्तात होतं, पण फेऱ्या जास्त.

पावडर कुठली, हेही विचारा. बायो-ऑस या ब्रँडची पावडर गाईच्या हाडापासून बनते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधीच सांगावं; कृत्रिम पर्याय मिळतो. किती ग्रॅम वापरली, त्या कुपीचं स्टिकर फाइलला लावून घ्यावं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते पडदा फाटून. छोटं छिद्र कोलॅजनच्या पातळ पट्टीने झाकतात; मोठं असेल तर टाके घालून काम थांबवतात आणि काही महिन्यांनी पुन्हा करतात. त्या दुसऱ्या वेळेचे पैसे कोण भरणार, हे आधीच लिहून घेतलेलं बरं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, टाके 7 ते 10 दिवसांनी निघतात. पहिले एक-दोन दिवस नाकातून थोडं रक्त आलं तर घाबरू नये. खरं पथ्य दोन आठवड्यांचं: नाक शिंकरायचं नाही, शिंक तोंड उघडून द्यायची, स्ट्रॉ नको, तंबाखू-मिश्री नको, ओझरहून विमान नको, गोदेत बुडी नको. मिसळ पहिला आठवडा विसरा. जुनी कवळी जखमेवर दाबत असेल तर घासून घेतल्याशिवाय लावू नये. खिडकीच्या पद्धतीत हाड पक्कं व्हायला 6 ते 9 महिने जातात.

एका नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पिवळा स्राव किंवा पावडरीचे कण यायला लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायचं.