अ‍ॅन्सिबल की पपेट? दूरच्या सर्व्हरवरच्या सर्व्हिसेस सांभाळताना

सर्व्हर वीस-पंचवीसच्या वर गेले की प्रत्येकावर एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करण्याची सोय) जाऊन सिस्टिमसीटीएल (सर्व्हिस चालू-बंद करण्याची लिनक्सची कमांड) मारत बसणं परवडत नाही. मग अनेक सर्व्हर एका जागेवरून सांभाळणाऱ्या साधनांपैकी अ‍ॅन्सिबल घ्यायचं की पपेट, हा वाद टीममध्ये सुरू होतो. माझ्या मते तो एका प्रश्नावर सुटतो: रात्री कुणी हाताने एनजिनएक्स (वेब सर्व्हर) बंद करून ठेवलं, तर ते पुन्हा चालू कोण करणार?

पपेटमध्ये हे काम एजंटचं. तो प्रत्येक सर्व्हरवर बसलेला असतो आणि सेटिंग बदललं नसेल तर दर ३० मिनिटांनी तपासतो. सर्व्हिस चालू हवी असं लिहून ठेवलंय आणि ती बंद दिसली, की तो ती सुरू करतो. अ‍ॅन्सिबलचा असा कुणी पहारेकरी नाही. ते एसएसएचने आत जातं, सांगितलेलं काम करतं आणि बाहेर पडतं. पुढच्या वेळी प्लेबुक (करायच्या कामांची, म्हणजे टास्कची, फाइल) चालेपर्यंत तिथे काय बिघडलं ते त्याला कळत नाही. वेळापत्रक लावता येतं, पण ते तुम्हीच लावायचं.

या पहाऱ्याची किंमतही आहे. पपेटसाठी वेगळा मुख्य सर्व्हर लागतो, ८१४० पोर्ट उघडावा लागतो, प्रत्येक एजंटच्या सर्टिफिकेटवर सही करावी लागते. अ‍ॅन्सिबलला समोरच्या मशीनवर एसएसएच आणि पायथन असलं की पुरतं. आज ठरवलं तर आजच काम सुरू होतं.

लोड बॅलन्सरमागचे (येणारं काम अनेक सर्व्हरवर वाटून देणाऱ्या यंत्रणेमागचे) सर्व्हर एकेक करून रीस्टार्ट करायचे असतील तर मी डोळे झाकून अ‍ॅन्सिबल घेईन. प्लेबुकमध्ये 'सीरियल' (एका वेळी किती सर्व्हर घ्यायचे ते) १ ठेवलं की एक सर्व्हर पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लागत नाही. पपेटचे एजंट आपापल्या वेळेला धावतात. असा क्रम हवा तर बोल्टसारखं वेगळं साधन जोडावं लागतं.

पण अ‍ॅन्सिबलमधली एक खोच नीट समजून घ्या. कॉन्फिग फाइल बदलली की हँडलर (बदल झाल्याचा निरोप मिळाला तरच चालणारं काम) सर्व्हिस रीस्टार्ट करतो, पण एरवी तो चालतो सगळी टास्क संपल्यावर. मधलंच एखादं टास्क फेल झालं तर त्या सर्व्हरवर हँडलर चालतच नाही. तुम्ही चूक दुरुस्त करून प्लेबुक पुन्हा चालवता. आता फाइल आधीच बदललेली, म्हणून टास्क 'ओके' दाखवतं आणि हँडलरला निरोपच जात नाही. डिस्कवर नवी फाइल, चालू प्रोसेस मात्र जुन्याच कॉन्फिगवर. 'फोर्स हँडलर्स' चालू ठेवा, म्हणजे टास्क फेल झालं तरी निरोप मिळालेला हँडलर चालेल. आणि यावर उपाय म्हणून टास्कमध्येच 'रीस्टार्टेड' लिहू नका. मग गरज असो-नसो, दर वेळी सर्व्हिस रीस्टार्ट होते.

सर्व्हिस क्रॅश झाल्यावर उठवण्यासाठी मात्र दोन्हींच्या भरवशावर राहू नका. ३० मिनिटं फार झाली. सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये (ती कशी चालवायची ते सांगणारी फाइल) 'रीस्टार्ट'ची किंमत 'ऑन-फेल्युअर' द्या. लिनक्समध्ये सर्व्हिसेस चालवणारं सिस्टिमडी ते काही क्षणांत करतं.

पपेट नव्याने घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. २०२२ मध्ये पर्फोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने पपेट बनवणारी कंपनी घेतली आणि पुढे तयार पॅकेजेसच्या मोफत वाटपावर मर्यादा आल्या; त्यातून समुदायाने ओपनव्हॉक्स हा फोर्क (त्याच कोडवरून काढलेली वेगळी आवृत्ती) काढला. मी त्याच्यापासूनच सुरुवात करेन.

दोन-तीन जणांची टीम आणि पन्नासेक सर्व्हर असतील, तर अ‍ॅन्सिबल घ्या. शेकडो सर्व्हर, त्यावर अनेकांचे हात आणि ऑडिटला उत्तर देण्याची जबाबदारी असेल, तर पपेटच्या उभारणीचा त्रास सोसण्यासारखा आहे.